पुरात शाळा बंद पडली तर पालकांनी फी परत मागावी की वर्गणी काढावी?

तुम्ही विचारलंय की मुलीची शाळा पुरानंतर बंदच आहे, पालकांच्या ग्रुपवर निम्मे फी परत मागा म्हणतायत, निम्मे वर्गणी काढा, आणि बुडालेला अभ्यास कसा भरून काढायचा.

आधी ग्रुप बंद करा आणि शाळेत जाऊन बघा काय झालंय ते. वर्गणीचं नंतर.

मी बडोद्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये ऐन जन्माष्टमीला पाऊस लागला आणि विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६ फूट. बाहेरगावच्यांना त्यातल्या फक्त मगरी आठवतात. आमच्या मुलाची शाळा नदीच्या अंगाला आहे. पाणी उतरल्यावर बाकांवर गाळ होताच, पण ऑफिसातली लोखंडी कपाटं उघडेनात, कारण आतले कागद फुगून दारांना दाटून बसले होते.

त्याच संध्याकाळी आमच्या साडूंनी (त्यांची मुलगीही त्याच शाळेत) ग्रुपवर टाकलं, २०२० मध्ये करोनात गुजरात सरकारने २५ टक्के फी माफ केली होती, आत्ताही हक्काने मागा, आणि तोवर ऑनलाइन वर्ग सुरू करायला सांगा. अहो, वर्ग घेणार कोण? गणिताच्या बेन (आमच्याकडे शिक्षिकेला बेन म्हणतात) समा भागात राहतात, त्यांच्याच घरात छातीएवढं पाणी. कित्येक भागांत वीज नाही, मोबाइल मेलेले. साडूंची गाडी बेसमेंटमध्ये बुडाली होती आणि विमावाले इंजिनचं नुकसान पॉलिसीत बसत नाही म्हणत होते, तो राग शाळेवर निघत होता हे सगळ्या घराला कळत होतं.

मी गेलो, आणखी काही जण आले, त्यात आयाच जास्त. एक इलेक्ट्रिशियन पालक होते, त्यांनी मेन स्विच पाडून, मेगर (वायरीतून वीज गळते का ते दाखवणारं यंत्र) लावून वायरिंग तपासल्याशिवाय कोणाला आत सोडलं नाही. मग कपाटं पहारीने उचकटली. जनरल रजिस्टरं, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वह्या, भिजून लगदा व्हायच्या बेतात. जन्माचा दाखला नसलेल्या पिढीची जन्मतारीख कित्येकदा फक्त त्याच पानावर असते, एल.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, त्यावरूनच निघते. वह्या-दप्तरं बाजारात मिळतात, हे मिळत नाही.

बायकोचे काका मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून निवृत्त झालेले. फोन केला तर पहिलं वाक्य, "उन्हात टाकू नका." उन्हात पानं आकसतात आणि एकमेकांना चिकटतात. पंख्याच्या वाऱ्यावर रजिस्टर उभं ठेवायचं, दर थोड्या पानांनंतर कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. रावपुऱ्यातल्या एका छापखान्याने कोरा न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा न छापलेला कागद) असाच दिला. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून जे हाताखाली येईना ते एका आइस्क्रीमवाल्या पालकांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवलं. गोठलेल्या कागदाला बुरशी येत नाही, नंतर सवडीने वाळवता येतो. त्यांचा माल आधीच वितळून गेला होता, फ्रीजर रिकामाच होता. काका रोज रिक्षाने येऊन खुर्ची टाकून बसायचे आणि चुकलं की ओरडायचे. ते साडूंचेही चुलतसासरेच. ऐंशीच्या घरातला माणूस येऊ शकतो, आणि ज्यांचं नळाचं पाणीही गेलं नव्हतं ते घरून "मॅनेजमेंट काय करतंय?" विचारतात!

वर्गणीचंही तेच. ग्रुपने न विचारता वह्यांचे गठ्ठे आणले, ते ठेवायला कोरडी खोली नव्हती. लागत होता चुना, फिनाईल, पाण्याचा पंप आणि माणसं.

अभ्यासाचं म्हणाल तर फार घाबरू नका. दांडिया बाजारात ज्यांची वरच्या मजल्यावर घरं होती तिथे पोरं गोळा झाली, नववी-दहावीच्यांनी लहानांना घेतलं. पुस्तकं वाहून गेली तरी पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. दिवाळीआधीच्या परीक्षेचा पोर्शन बेननी स्वतःच कमी केला.

आता जरा सबुरीचं. गाळात उतरताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर जाऊच नका, लेप्टोचं (पुराच्या घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचं) भय असतं. मुलांना नेऊ नका. आणि आमची शाळा लहान, शिपायापासून सगळे ओळखीचे. मोठ्या शाळेत तुम्हाला फाटकातच अडवतील, तिथे मुख्याध्यापकांना विचारूनच जा.

फीचं राहिलंच. २०२० मध्ये महिनोन्‌महिने शाळा बंद होत्या आणि निर्णय राज्य सरकारचा होता, दोन-तीन आठवड्यांच्या बंदला तो दाखला लावणं मला पटत नाही. पण ज्यांचं दुकान किंवा हातगाडी वाहून गेली, त्यांच्यासाठी हप्ते पुढे ढकलून मागा, नावं ग्रुपवर न टाकता. आमच्याकडे ट्रस्टींनी ते लगेच मान्य केलं. साडूंनी पूर्ण फी भरली, पण अजूनही म्हणतात की २५ टक्के मिळाले असते.