वचन पूर्ण झालेले नसताना स्तुती कशासाठी?

देवाने दिलेले वचन अजून पूर्ण झालेले नसताना ख्रिस्ती माणसे त्याबद्दल आधीच स्तुती कशी करतात आणि ही स्वतःचीच समजूत घालण्याची एक रीत नाही का, असे आपण विचारले आहे. मी बेळगावातील एका मराठी मेथडिस्ट मंडळीचा सभासद आहे. लंडन मिशनरी सोसायटीने 1820 मध्ये येथे सुरू केलेले आणि 1904 मध्ये मेथडिस्टांकडे आलेले जे काम, त्या परंपरेत मी वाढलो. त्यामुळे माझे उत्तर प्रॉटेस्टंट वळणाचे आहे. खानापूरकडील माझे कॅथलिक स्नेही याच प्रश्नाचे उत्तर बहुधा पवित्र मिस्सापासून, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनाविधीपासून, सुरू करतील.

आपली शंका रास्त आहे, आणि ती पवित्र शास्त्रालाही, म्हणजे बायबललाही, नवी नाही. देवाने संततीचे वचन दिलेल्या अब्राहामाने हारान नगर सोडले तेव्हा तो 75 वर्षांचा होता आणि वचनाचा मुलगा इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा. मधल्या 25 वर्षांत त्याने दासी हागारेकरवी मूल मिळवून स्वतःच वाट काढून पाहिली, आणि पत्नी सारेला मुलगा होईल हे पुन्हा ऐकल्यावर तो पालथा पडून हसला. तरीही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की, तो अविश्वासाने डळमळला नाही, तर देवाचा गौरव करत विश्वासात बळकट झाला. पौलाला ते हसणे ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. मात्र त्याच ठिकाणी तो आणखी एक गोष्ट सांगतो, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच सापडते: आपले शरीर निर्जीव झाल्यासारखे आहे हे अब्राहामाने नीट ध्यानात घेतले होते. स्वतःची समजूत घालणारा माणूस नेमका अशा वस्तुस्थितीकडे पाहायचे टाळतो. अब्राहामाने ती पाहिली, आणि वचन देणारा ते पूर्ण करण्यास समर्थ आहे हेही पाहिले. स्तुती होते ती त्या देणाऱ्याची; हाती काय पडले याचा हिशेब तिच्यात नसतो.

हाती पडल्यावर केलेली स्तुती खोटी असते असे नाही, पण ती फार काळ टिकत नाही. स्तोत्र 106 मध्ये तांबड्या समुद्रातून पार झालेल्या इस्राएल लोकांनी विश्वास ठेवला आणि स्तोत्रे गाइली असे एक वचन (येथे अर्थ, क्रमांकाची ओळ) सांगते, तर लगेच पुढचे वचन सांगते की ते त्याची कृत्ये लवकरच विसरले. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात तर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत. जखऱ्या याजक, मुलगा होईल असे सांगणाऱ्या गब्रीएल देवदूताकडे खूण मागतो, मुका होतो आणि मुलगा जन्मल्यानंतर त्याचे नाव लिहून देतो तेव्हाच त्याच्या तोंडून स्तुती निघते. येशूची आई मरीया मात्र मूल पोटात असतानाच जखऱ्याची पत्नी अलीशिबा हिच्या घरी गाते, आणि त्या गीतात देवाने अधिपतींना आसनांवरून ओढून काढले आहे असे ती झालेली गोष्ट सांगावी तसे सांगते. राजा हेरोद तेव्हा गादीवर होता आणि वर रोमचे राज्य होते, हे तिला माहीत नव्हते काय?

स्तुती म्हणजे तक्रारीला बंदी, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. स्तोत्र 13 अवघ्या सहा वचनांचे आहे; त्याच्या पहिल्या दोन वचनांत ‘किती काळ’ हा सवाल चार वेळा येतो आणि शेवट गायनाने होतो. संदेष्टा हबक्कूक अंजीर, द्राक्ष, जैतून आणि गोठ्यातली गुरे नाहीशी झाल्याची नोंद करून मगच देवाच्या ठायी आनंद करीन म्हणतो. हा उतारा आमच्या भागात सांगताना खानापुरात भात आणि काजू, तर निपाणीकडे तंबाखू असे बदल करून पाहावे. मग या ओळी किती कठीण आहेत ते कळते. देवाकडे तक्रार करत करतच त्याला गाणे वारकरी घरातील वाचकांना परके वाटणार नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात मांडली, ती काही उगाच नव्हे.

माझी खरी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे. जोरात हालेलुया म्हटले की आजार जातो किंवा कर्ज फिटते, आणि तसे घडले नाही तर तुमचा विश्वास उणा, असे काही प्रार्थनासभांत शिकवले जाते. त्याने आधीच पिचलेल्या माणसावर आणखी एक ओझे पडते. घरोघरच्या कॅलेंडरवर यिर्मयाच्या 29व्या अध्यायातले 11वे वचन असते, देवाच्या मनात हिताचे संकल्प आहेत असे सांगणारे. त्याच्या आधीचे 10वे वचन बाबेलची 70 वर्षे पुरी होण्याविषयी आहे, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याचे ते पत्र ऐकणाऱ्या, बाबेलला नेलेल्या लोकांपैकी बहुतेक जण तिथे बंदिवासातच मरणार होते. इब्री लोकांस पत्रही स्पष्ट सांगते की अब्राहामासारखी ही सारी विश्वासू माणसे वचनफळ न मिळता, ते दुरून पाहून मेली. म्हणून कोणतेही वचन उचलून आपल्या नावावर लावण्याऐवजी, देवाची सर्व वचने ख्रिस्तामध्ये ‘होय’ आहेत आणि त्याच्याद्वारे आपण ‘आमेन’ म्हणतो, हे पौलाचे करिंथकरांस सांगणे मी आधार मानतो. ते ‘होय’ पुनरुत्थानाविषयी, पापक्षमेविषयी आणि देवाच्या सहवासाविषयी आहे. पुढच्या महिन्याच्या हप्त्याविषयी नाही.

इब्री लोकांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात ओठांच्या स्तुतीला यज्ञ म्हटले आहे, आणि त्याला जोडूनच चांगले करण्यास व दान करण्यास विसरू नका, हाही यज्ञच आहे, असे लिहिले आहे. एखाद्याची आगाऊ स्तुती खरी की नुसती समजूत, हे ओळखायचे असेल तर त्याची वाट पाहण्याची वर्षे चालू असताना तो शेजाऱ्याच्या उपयोगी पडतो की नाही, ते पाहावे असे मी सुचवीन.