गुहागरला जा, पण काही बघायला जाऊ नकोस

अरे,

परवा कॅन्टीनमध्ये तू मोबाईलवर तो प्लॅन दाखवलास ना, तो काही डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. 4 दिवसांत गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली, येताना आंबोली आणि कोल्हापूर, रविवारी रात्री 11 ला घरी आणि सोमवारी सकाळी मीटिंग. ही सुट्टी नाही रे, ड्रायव्हरची ड्युटी झाली.

मी केलंय हे सगळं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी. मालवणला होडीच्या लायनीत आमचं असं जुंपलं की सिंधुदुर्ग किल्ला आत जाऊन पाहिला तरी आज धड आठवत नाही, भांडण मात्र शब्दन् शब्द आठवतंय.

माझं ऐक, एकच गाव धर. गुहागर. ठाण्याहून रात्री कोकणकन्या पकड, पहाटे चिपळूण, स्टँडवर चहा मार आणि पुढे एसटीने साधारण 45 किलोमीटर. गाडी नेऊच नकोस, गाडी असली की माणूस काढतोच. व्याडेश्वराच्या देवळाच्या आसपास घरगुती सोय मिळते. गाव म्हणजे एक लांबलचक रस्ता, समुद्राकडच्या घरांच्या मागे नारळ-सुपारीच्या वाड्या, वाडी संपली की सुरूचं बन आणि मग नजर पोचत नाही इतका लांब किनारा.

पहिल्या दिवशी डोकं ऑफिसातच असतं, ते चालायचंच. दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो, खराखुरा, हात सारखा खिशातल्या फोनकडे जातो, आणि इथेच सगळे चुकतात, रिक्षा ठरवून वेळणेश्वर-हेदवी उरकून येतात. वाईट नाहीयेत ती ठिकाणं, पण तू बस. मी बसलो होतो असाच, पडवीत, समोर अंगणात सुपारी वाळत घातलेली आणि घरच्या आजी एकेक उलटी करतायत. अर्ध्या तासाने म्हणाल्या, "रिकामेच आहात तर ती पाटी सरकवा हो इकडे." सरकवली, मग मीही उलटत बसलो. तिसऱ्या दुपारी कुळथाचं पिठलं-भात जेवून आडवा झालो तो थेट 4 ला उठलो, आणि आज वार कुठला तेच पटकन सुचेना. माझी सुट्टी तिथे सुरू झाली. म्हणून म्हणतो 2 रात्रींसाठी जाऊ नकोस, निदान 4 तरी काढ.

मे महिना टाळ, घामाने आणि गर्दीने जीव जातो, डिसेंबर-जानेवारी बघ. जेवणाचं सकाळीच सांगून ठेवायचं, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. आणि ऑफिसात कामं नीट कोणाच्या तरी गळ्यात मारून जा, "अर्जंट असेल तर फोन करा" हे वाक्य चुकूनही बोलू नकोस, सगळ्यांना सगळंच अर्जंट असतं.

परतीचं तिकीट शनिवारचं काढ, रविवार घरी लोळायला आणि कपडे धुवायला ठेव. येताना माझ्यासाठी अर्धा किलो कोकम आण. आगळाची बाटली नको, मागच्या वेळी बॅगेत फुटली आणि दोन शर्ट कायमचे गुलाबी झाले.

— काका