तीन महिन्यांसाठी बर्लिनच्या न्यूजरूममध्ये काम करायला जातोय. शहर अनोळखी आहे, काय तयारी करू?

तुम्ही कोल्हापूरच्या दैनिकात उपसंपादक आहात आणि जर्मन किती लागेल, शहराची माहिती आधीच वाचून जावी का, असं विचारलंय. म्हणून लिहायला बसलो. व्हिसा-विम्याचं सांगायला शंभर जण आहेत.

मी जून ते ऑगस्ट २०१९ तिथं इंग्रजी डेस्कवर होतो. जर्मन मोजकी असली तरी भागतं, पण घड्याळ शिकून जा. 'हाल्ब त्सेन' म्हणजे अर्धा दहा, म्हणजेच साडेनऊ. मी साडेदहा समजलो आणि पहिल्याच मीटिंगला तासभर उशिरा पोचलो. आपलं 'अडीच' पण 'अर्धतृतीय'वरूनच आलंय, हे मला परतीच्या विमानात सुचलं. तेव्हा काय उपयोग!

शहराची माहिती वाचू नका. खरंच नको. तुमची अडचण बर्लिन नसणारच, कोल्हापूर असणार आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इथं महापूर आला. मी तिकडं, घरचे इकडं. शिरोलीजवळ हायवे बंद, चिखली-आंबेवाडी पाण्यात. डेस्कवरच्या बाई म्हणाल्या, तुझंच गाव आहे ना, मग दोन परिच्छेद तूच लिही. माझी छाती फुगली. बारा वर्षं डेस्कवर काढलेला माणूस मी, दहा मिनिटांत लिहून दिलं: 'पंचगंगेची पातळी ५० फुटांच्या वर, धोका पातळी ४३ फूट.'

बाईंनी पेन्सिल ठेवली. ५० फूट म्हणजे १५ मीटर. शहरात पाच मजले बुडालेत का? मी म्हटलं, नाही हो, राजाराम बंधाऱ्यावर. बंधाऱ्यावर काय? पाणी मोजायच्या पट्टीवर. शून्य कुठं धरलंय? नदीच्या तळाला? आणि ४३ ला नेमकं काय होतं?

मी गप्प. इशारा ३९, धोका ४३ हे आकडे दर पावसाळ्यात हाताखालून गेलेले, झोपेत विचारलं तरी सांगेन. त्यांचा अर्थ मात्र मी कधी कुणाला विचारला नव्हता.

संध्याकाळी सहाला जुन्या ऑफिसात फोन लावला. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, म्हणजे इकडं साडेनऊ, ऐन पानं लावायची वेळ. पलीकडून शहर डेस्कवरचा मित्र ओरडला, "आरं अर्धं गाव पाण्यात हाय आणि तू पट्टीचं शून्य इचारतोयस व्हय?" तरी अर्ध्या तासानं त्यानंच परत फोन करून पाटबंधाऱ्यातल्या एका साहेबांकडून कळलेलं सांगितलं. बातमी शेवटी एका परिच्छेदाची झाली. आकडा मीटरमध्ये, 'मोजपट्टीवर' हा शब्द घालून, आणि कोल्हापूर 'मुंबईच्या दक्षिणेला'.

आता मूळ दुखणं सांगतो. जाण्याआधी दोन वर्षं मी आमच्या वृत्तसंपादकांना एक चौकट दिली होती: पाणी किती फुटांवर गेलं की कुठल्या गल्लीत येतं. सरांनी ती कापली. "कोल्हापूरकराला पंचगंगा शिकवतोस होय?" निघताना म्हणाले, तीन महिन्यांत काय शिकणार, फोटो काढून येशील. सर, पुरात होडीतून बाहेर काढलेल्या किती जणांना ठाऊक होतं की ४३ चं पाणी आपल्या दारात येतं की नाही? नव्या अपार्टमेंटमधला माणूस आपला वाचक नाही का?

म्हणून तयारी म्हणाल तर एवढीच: तुमच्या शेवटच्या दहा बातम्या घ्या आणि कोल्हापूरचाच काय, जिल्ह्यातल्या शिरोळचाही नसलेल्या कुणाला तरी वाचून दाखवा. तो जिथं अडेल तिथं खूण करा. मी हे केलं असतं तर त्या दिवशी पेन्सिलकडं बघत बसावं लागलं नसतं.

बाकी किरकोळ. रविवारी किराणा दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली थोडी उघडी. शनिवारीच दूध-ब्रेड आणा. लोकलचं कागदी तिकीट काढलं की यंत्रात शिक्का मारायचा. तिकीट खिशात असून मी ६० युरो दंड भरलाय. कुठं राहायचं ते ऑफिसवाल्यांनाच विचारा, मला त्यांनीच खोली बघून दिली होती.

हेही सांगायला हवं की माझा डेस्क इंग्रजी होता. तुमचा जर्मन असेल तर वरचं 'मोजकी भागते' विसरा. आणि सरांची बाजूही थोडी खरी आहे, पेठेतल्या जुन्या माणसाला ती चौकट नकोच होती.

पण सर हे वाचत असतील तर: चौकट अजून माझ्याकडं आहे. १२० शब्द, दोन कॉलम. टाइप करूनच ठेवलीय.