अकरावी बायोलॉजीचे लांबलचक शब्द आणि ग्रीक मुळं

प्रश्न: नमस्कार मॅडम, आम्ही दारव्हा तालुक्यातले, कापूस-सोयाबीनवाले. माह्या पोरीनं दहावीपर्यंत मराठी मिडियम केलं अन् आता अकरावी सायन्स घेतलं, डॉक्टरकीची नीट परीक्षा द्यायची म्हणते. पण बायोलॉजीचं इंग्रजी पुस्तक उघडलं की तिले घाम फुटते, येवढाले लांब शब्द. कोणीतरी सांगतलं की ग्रीक मुळं शिकली तर अर्थ समजते. खरं आहे का हे? अन् आता ग्रीक कुठून शिकवावं तिले?

उत्तर: भाऊ, खरं आहे, आणि त्यासाठी ग्रीक भाषा शिकायची काहीच गरज नाही, तीस-चाळीस तुकडे ओळखीचे झाले तरी पुष्कळ काम होतं. मला तर वाटतं मराठी मिडियमच्या पोरांना हे जास्त सोपं जातं, कारण शाळेच्या पुस्तकातले कितीतरी मराठी शब्द त्याच ग्रीक तुकड्यांवरून बनवलेत. संधिपाद प्राणी तिनं शिकलेच असतील, तेच आर्थ्रोपोडा, आर्थ्रॉन म्हणजे सांधा आणि पोड म्हणजे पाय (हा पोड आणि आपला पाद एकाच घराण्यातले, तसेच पेंटा आणि पंच, ऑक्टो आणि अष्ट). आता आर्थ्रॉन कळलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आर्थ्रायटिस पण कळला, शेवटी आयटिस लागलं की तिथं सूज, दाह, मग हेपॅटायटिस म्हणजे लिव्हरला सूज कारण हेपार म्हणजे यकृत. कंटकचर्मी म्हणजे एकायनोडर्माटा, यातला डर्मा म्हणजे चामडी. स्वयंपोषी तो ऑटोट्रॉफ, ऑटो स्वतः, ट्रॉफ पोषण. सिकलसेल अ‍ॅनिमिया आपल्याकडं सगळ्यांनी ऐकलेला, तर त्यात अ‍ॅन म्हणजे नाही, अगदी आपल्या अनपेक्षित मधल्या अन् सारखं, आणि हायमा म्हणजे रक्त. तेच रक्त ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात पण आहे, ल्युकोस म्हणजे पांढरं.

आणि अर्धे शब्द तर तुमच्या शेतातच आहेत हो! सोयाबीन पेरायच्या आधी बियाण्याला रायझोबियम जिवाणू लावता ना, रायझा म्हणजे मूळ, बायोस म्हणजे जीवन, मुळावर जगणारा. वरुड-मोर्शीकडं संत्र्याला डिंक्या होतो, म्हणजे खोडातून डिंक गळतो, तो फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवामुळं, फायटॉन म्हणजे झाड, फ्थोरा म्हणजे नाश. हे नाव अँटन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञानं १८७६ साली दिलं, १८४५ पासून आयर्लंडमधला बटाटा ज्या रोगानं बुडाला आणि लोक उपाशी मेले त्याच्या जंतूसाठी, म्हणजे नाव उगीच नाही ठेवलं. गुलाबी बोंडअळीचा पतंग लेपिडोप्टेरा गटातला, लेपिस म्हणजे खवला, टेरॉन म्हणजे पंख. पतंग धरला की बोटाला भुकटी लागते, ते त्याचे खवलेच असतात, पोरीला एकदा दाखवाच, ती तो शब्द परत विसरणार नाही. आणि हेलिकॉप्टरमधलं प्टर सुद्धा हेच टेरॉन.

पण जपून. सगळे शब्द ग्रीक नसतात, लॅटिन पण तेवढंच मिसळलेलं आहे, किडनीसाठी नेफ्रॉन ग्रीकमधून आला आणि रीनल लॅटिनमधून, दोन्ही पाठ करावेच लागतात. पेड दिसला की घाई नको, पेडियाट्रिक्समध्ये तो ग्रीक मूल आहे आणि पेडलमध्ये लॅटिन पाय. आणि मुळावरून शब्दाचा रस्ता दिसतो, व्याख्या नाही मिळत. अ‍ॅटम म्हणजे ज्याचे तुकडे पडत नाहीत तो, आणि १८९७ मध्ये थॉमसननं त्याच्या आतला इलेक्ट्रॉन शोधला. आर्टरी हा शब्द तर बघा, जुन्या ग्रीकांनी मेलेल्या शरीरात धमन्या रिकाम्या पाहिल्या म्हणून त्यातून हवा वाहते असं त्यांना वाटायचं, आणि श्वासनलिकेला पण ते हेच नाव वापरत. परीक्षेत असं लिहिलं तर मार्क जातील. म्हणून अंदाज मुळावरून बांधायचा आणि खात्री पुस्तकावरून करायची.

पोरीला वेगळी यादी पाठ करायला देऊ नका, त्यानं कंटाळाच येतो. जो धडा चालू आहे त्यातलाच शब्द घ्यायचा, वहीत एका पानावर एकच मूळ लिहायचं आणि पुढं जसजसे शब्द भेटतील तसे त्याच पानावर भरत जायचे, शेजारी जुन्या पुस्तकातला मराठी शब्द. मागच्या वर्गांची विज्ञानाची पुस्तकं रद्दीत टाकली नसतील तर काढून द्या तिला. मोबाईलवर मेरियम-वेबस्टरची डिक्शनरी फुकट आहे, शब्द टाकला की खाली तो कुठून आला तेही दिलेलं असतं.