फरशीवरचे ओरखडे

पत्र (थोडं छाटून देतेय):

"ताई, माझी मुलगी सोळा वर्षांची. सतरा दिवसांपूर्वी भांडण झालं आणि पहाटे उठून बघते तर अंथरुण रिकामं. मोठ्या शहरात आहे एवढंच कळलंय. एक दिवसाआड फोन करते, दोन मिनिटं बोलते आणि ठेवते. हॉस्पिटलच्या वेटिंगमधे दिवसा झोपते, रात्री चालत राहते म्हणाली. परवा म्हणाली एक मावशी भेटलीये, राहायची सोय करते म्हणतेय. मी रडून रडून सांगते घरी ये, कोणी काही बोलणार नाही. तर ती गप्प. काय कमी केलं हो आम्ही? स्वतंत्र खोली, फोन, क्लास, सगळं दिलं. रात्री फोनवर असायची म्हणून ह्यांनी तिच्या दाराची कडी काढून टाकली, तेवढंच. तेव्हापासून फारच विचित्र वागायची, टेबल ओढून ओढून फरशीवर ओरखडे पाडलेत, शनिवारी पॉलिशवाला यायचाय. घरात आम्ही दोघं, लहान मुलगा आणि ह्यांचा धाकटा भाऊ, सगळ्यांनीच हाय खाल्लीये. हे म्हणतात तिचं रिचार्ज बंद कर, झक मारत येईल. करू का? बदनामी नको म्हणून पोलिसात गेलो नाही."

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ओरखड्यांपाशीच अडकले. तुम्ही ते मुलीच्या बेशिस्तीचा पुरावा म्हणून लिहिलेत, पॉलिशच्या खर्चाच्या वैतागात. आता जरा उठा आणि तिच्या खोलीत जाऊन बघा ते ओरखडे कुठून कुठे जातात. मी तुमचं घर पाहिलेलं नाही, पण पैज लावते, ते दाराकडे जात असणार.

कडी गेली म्हणून ती टेबल लावत होती हो. रोज रात्री सगळे झोपल्यावर ओढायचं आणि सकाळी कोणी उठायच्या आत परत जागेवर, म्हणजे कोणी विचारायला नको. विचारलं तर सांगावं लागलं असतं ना. आणि तुम्हाला त्यात दिसलं काय, तर फरशी.

कोणाला अडवायला, ते मला माहीत नाही. मी कोणाचं नाव घेत नाहीये. पण फोनसाठी कडी काढली म्हणता, मग फोन का नाही काढून घेतला? तो तर अजून तिच्याकडेच आहे. हा प्रश्न तुम्हाला सतरा दिवसांत एकदाही पडला नसेल तर आता पडू द्या, आणि उत्तर घरातल्या कुठल्याही पुरुषाला विचारू नका, कुठल्याही म्हणजे कुठल्याही.

तुम्ही खूप रडताय हे कळतंय मला. पण आज तुमचे डोळे पुसायला मला वेळ नाही, कारण ती मावशी.

रस्त्यावर राहणारी मुलगी रात्री झोपत नाही कारण झोपली की संपलं. दिवसा हॉस्पिटलच्या वेटिंगमधे झोपली तर तिथे कोणी काही विचारत नाही, पेशंटबरोबर आली असेल असं वाटतं. हुशार आहे तुमची मुलगी. पण तुकड्या तुकड्यांची झोप किती दिवस पुरणार? एका टप्प्यावर माणूस इतका थकतो की जो कोणी पाठ टेकायला जागा देईल तो देव वाटतो, आणि अशा मुली हेरणाऱ्यांना तो टप्पा बरोब्बर ओळखता येतो. मावशी खरंच भली असेलही. ते तपासायची ताकद तुमच्या मुलीत आत्ता उरलेली नाही, एवढंच. आणि यजमान म्हणतात रिचार्ज बंद करा! तो फोन हा तिच्याकडे उरलेला शेवटचा दोरा आहे, तो तुम्ही घरबसल्या कापणार? काही बंद करायचं नाही, उलट आजच जास्त दिवसांचं मारून ठेवा.

आता एकच काम. पुढचा फोन येईल तेव्हा "घरी ये" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. जिथे टेबल लावून झोपावं लागतं तिथेच तुम्ही तिला परत बोलावताय, गप्प नाही बसणार तर काय. म्हणायचं, "तू दाराला टेबल का लावायचीस ते मी विचारायला हवं होतं. चुकले. तू जे सांगशील ते मला खरं." आणि मग गप्प बसा. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही तरी तुम्ही मधे बोलायचं नाही, रडायचं तर अजिबात नाही, नाहीतर ती तुम्हालाच समजवत बसेल.

मग तिला एक नंबर द्या, १०९८, अडचणीतल्या मुलांच्या मदतीसाठीची चाइल्डलाइन. अठराच्या आतल्या कोणीही कधीही लावावा, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. तिला भीती असणार की पकडून घरी आणून सोडतील. तिला नीट सांगा, तसं नसतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत तिला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, ती स्वतःसुद्धा जाऊ शकते, आणि घरी सुरक्षित नाही असं ती म्हणाली तर ते समितीला ऐकावं लागतं. तिला दुसरीकडे ठेवता येतं. हो, तुमच्यापासून लांब. चालेल ना? चालवून घ्या.

आणि तिने खरंच काही सांगितलं तर ते घरात मिटवायचं नाही, पोलिसात जायचं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, माहीत असून गप्प बसणं हाही गुन्हाच आहे. बेपत्ता असल्याची तक्रार तर तुम्ही पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती, ती उद्या सकाळी द्या, यजमानांना न विचारता. बदनामीचं म्हणाल तर तुमची मुलगी सतरा रात्री रस्त्यावर चालतेय, शेजारी काय म्हणतील ते शेजाऱ्यांना म्हणू दे.

शनिवारी यायच्या त्या पॉलिशवाल्याला मात्र आत्ताच फोन करून नको म्हणून सांगा. ते ओरखडे तसेच राहू देत, मोबाईलवर फोटोही काढून ठेवा.