होमस्कूलिंग करत असताना सणाची तयारी आणि मुलांचा अभ्यास, दोन्ही घरात कसं जमवता?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलांना घरीच शिकवणाऱ्या घरात सणाच्या दिवसांत नक्की काय चालतं, अभ्यास बंद पडतो का, आणि सासू-सासरे, पाहुणे, दोन मुलं एवढं सगळं असताना बाई एकटी कुठं कुठं पुरणार. येत्या जूनपासून सुरू करायचा विचार आहे असंही लिहिलंय म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं हे सहावं वर्ष. आम्ही सोलापूरचे. घरात सासूबाई, मिस्टर, मी आणि तीन मुलं, थोरली तेराची, मधला नऊचा, धाकटी पाच पूर्ण. मिस्टरांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सकाळी आठला गेले की रात्रीच येतात, म्हणजे दिवसभर मी आणि सासूबाईच.

थेट उत्तर द्यायचं तर आम्ही दोन्ही एकदम जमवतच नाही. आमच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा सण म्हणजे संक्रांत, कारण तेव्हाच सिद्धेश्वर महाराजांची गड्डा यात्रा असते, आणि त्या वेळी साधारण दहा दिवस वह्या-पुस्तकं सरळ कपाटात जातात. रात्री झोपताना गोष्टीचं पुस्तक वाचणं तेवढं चालू राहतं कारण ते धाकटी चुकवूच देत नाही.

पहिल्या वर्षी मला याची फार भीती वाटायची. थोरलीला नुकतं शाळेतून काढलं होतं, नातेवाईक सगळे बघत होते, एक दिवस जरी पुस्तक उघडलं नाही तरी मी रात्री जागी. मग मी काय केलं तर सणालाच अभ्यास करून टाकलं. तिळाचे लाडू करायला घेतले की मी कागद घेऊन उभी, एक लाडू २५ ग्रॅमचा तर एक किलोत किती, अर्धा किलो तिळाला अर्धा किलो चिक्कीचा गूळ तर पाव किलोला किती, असं. पोरगी तेव्हा आठची होती, बिचारी बोटं मोजत बसली आणि इकडे कढईत पाक पुढं गेला. पाण्यात थेंब टाकून टणक गोळी झाली की लगेच तीळ घालायला लागतात, तिथं अर्धा मिनिटसुद्धा थांबून चालत नाही. सगळं कढईतच दगडासारखं बसलं. पोरीला वाटलं आपल्याला उत्तर उशिरा आलं म्हणून लाडू बिघडले, आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना. सासूबाईंनी बत्त्यानं फोडून त्याचे तुकडे केले, तिच्या हातात एक दिला आणि मला एवढंच म्हणाल्या, "पाक काय तुझ्या गणितासाठी थांबतोय होय?" त्यांची माहेरची भाषा कानडी, त्या असं कमी बोलतात, पण ते वाक्य माझ्या मनात बसलं. त्या दिवसापासून सणाच्या कामात मी प्रश्न विचारणं बंद केलं. मुलांनी विचारले तर उत्तर देते.

मग वर्षाचा अभ्यास पूर्ण होतो का, तर होतो, आणि त्याचा हिशेब असा. शिक्षण हक्क कायद्यात शाळांसाठी पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस कामाचे सांगितलेत. म्हणजे शाळेतली मुलंही वर्षातले साधारण पाच महिने घरीच असतात. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर अभ्यास झालेल्या दिवसाला लाल टिंब देते, आणि शाळेसारखी मे महिन्याची सलग सुट्टी आम्ही घेत नाही, सोलापूरच्या उन्हात दुपारी बाहेर जाताच येत नाही तर तेव्हा घरात बसून अभ्यासच छान होतो. टिंबं मोजली की दरवर्षी २२० च्या पुढंच जातात. रोजचा अभ्यास तरी किती, नऊ ते बारा, आधी गणित मग भाषा मग जे चालू असेल ते, बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात तीच वापरतो. तीन तासांत घरी जेवढं होतं त्याची तुम्हाला आत्ता कल्पना येणार नाही.

आता तयारीचं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, सोलापुरात राहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. त्यामुळं आमचं वेळापत्रक खरं तर पाण्याच्या दिवसावर चालतं. संक्रांतीच्या आधीचा जो पाण्याचा दिवस असेल त्या दिवशी चादरी, रजया, पडदे सगळं धुणं, आणि त्या दिवशी अभ्यास ठेवायचाच नाही हे डिसेंबरमध्येच ठरलेलं असतं. मधला टाकी भरली का बघतो, थोरली नि मी पिळून गच्चीवर वाळत घालतो, धाकटी चिमटे देते. पाणी कधी रात्री दोनला आलं तर सकाळी मुलं दहापर्यंत झोपतात. शाळा असती तर हे जमलंच नसतं.

स्वयंपाकाची कामं मुलांना वाटून दिलेली आहेत आणि ती त्यांचीच असतात, मी मध्ये हात घालत नाही. तिळाचा पाक दोन वर्षं झाली थोरली एकटी करते. मधल्याकडं शेंगा. आमच्याकडे शेंगा म्हणजे शेंगदाणेच समजायचं आणि ते लागतात पण लई, शेंगापोळीला वेगळे, चटणीला वेगळे, भोगीच्या भाजीत वेगळे. तो दाणे भाजतो, चोळून सालं काढतो, गच्चीवर सुपानं पाखडतो, सगळी सालं शेजारच्यांच्या गच्चीवर उडतात आणि मग तोच जाऊन झाडून येतो. शेंगाचटणी आम्ही उखळातच कुटतो, तेल सुटेपर्यंत, मिक्सरला ती चव नाही. शेंगापोळीचं सारण मात्र अजून सासूबाईंच्याच हातचं, दाण्याचं कूट, गूळ, थोडे तीळ, वेलची, आणि मळून मळून ते कणकेएवढं मऊ करायचं नाहीतर लाटताना पोळी फाटते. त्या होळगी म्हणतात, मुलं पण होळगीच म्हणतात. धाकटीचं काम सुगडं पुसून मांडणं नि तिळगुळाच्या पुड्या भरणं.

कडक भाकरी हे सगळ्यात मोठं काम आहे. बाजरीच्या, वरून तीळ लावलेल्या, पातळ थापून कडकडीत भाजून वाळवायच्या, आठवड्याभराच्या एकदम. त्याला दोन दिवस जातात. हे मी मुद्दाम लिहितेय कारण यामुळंच आमचे यात्रेचे दिवस हलके जातात, पाहुणे कधीही आले तरी भाकरी, चटणी, दही तयार असतं आणि मला गॅसजवळ उभं राहावं लागत नाही. तुमच्याकडे जी टिकणारी वस्तू होत असेल ती आधी करून ठेवा, फराळ असो, पापड असो, काहीही.

यात्रेचं तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. महाराजांनी शहराभोवती ६८ लिंगं स्थापन केली असं मानतात. संक्रांत १४ ला असली तर १२ ला सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, त्या ६८ लिंगांना तैलाभिषेकासाठी निघतात, १३ ला भोगीदिवशी तळ्याजवळ संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, १४ ला होम, १५ ला शोभेचं दारूकाम. एका कुंभारकन्येनं महाराजांशी लग्नाची इच्छा धरली, ते योगी, म्हणून त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं, त्याचा हा सोहळा. भोगीलाच अक्षता असल्यानं त्या दिवशी घरातल्या बाईची खरी तारांबळ, म्हणून आम्ही भाजी आदल्या दिवशी लक्ष्मी मंडईतून आणून निवडून ठेवतो, गाजर, वांगी, पावटा, सोलाणे, बोरं, उसाचे तुकडे, आणि सकाळी नऊच्या आत नैवेद्य. मग सगळे पांढरे कपडे घालून निघायचं. नंदीध्वज पेलणारी माणसं पांढरी बाराबंदी घालून येतात, "सत्यम सत्यम, दिड्यम दिड्यम" सुरू झालं की सगळीकडून अक्षता उडतात आणि माझ्या अंगावर काटा येतो, दरवर्षी येतो. ती वेळ आम्ही कधीच चुकवत नाही.

१२ तारखेला आम्ही आणखी एक करतो. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरच्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं आणि इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला, त्या प्रकरणात. सकाळी मुलांना घेऊन चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जायचं, फूल वाहायचं आणि यायचं. मी तिथं शिकवत नाही. पण दोन वर्षांपूर्वी मधल्यानं घरी येताना विचारलं की चौघांची नावं अशी वेगवेगळी कशी काय, ते एकमेकांचे कोण होते? त्या एका प्रश्नावर फेब्रुवारीचा अख्खा महिना गेला, थोरलीनं वाचून काढायचं आणि त्याला सांगायचं.

असंच सावलीचं झालं. थोरली म्हणाली, संक्रांतीला सूर्य उत्तरेकडं वळतो म्हणतात, मग पुस्तकात सगळ्यात लहान दिवस २२ डिसेंबर का दिलाय? मी काहीच सांगितलं नाही, कारखान्यातून एक मीटरचा लोखंडी पाइप आणून गच्चीवर कुंडीत सरळ उभा करून दिला. २२ डिसेंबरला तिनं सावली मोजली ८७ सेंटिमीटर, संक्रांतीला मोजली तर ८१. म्हणजे सूर्य आधीच वळलेला होता. पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो त्यामुळं सगळ्यात लहान दिवस आणि संक्रांत यांतलं अंतर साधारण ७२ वर्षांत एक दिवस या हिशेबानं वाढत गेलंय, हे तिनं नंतर स्वतः वाचलं. आणि तिला आणखी एक सापडलं की सावली सगळ्यात आखूड बाराला होतच नाही, साडेबाराच्या सुमारास होते, कारण भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरून लावलेलं आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं. संक्रांतीदिवशी घरात पाहुणे, खाली पोळ्या चाललेल्या आणि ही टेप घेऊन गच्चीवर. मी तिला हाक मारली नाही. त्या दिवशी तिच्या वाटणीचं लाटणं मी केलं.

पाहुण्यांचं जरा कठीण जातं, ते खरं सांगते. दर सणाला कोणीतरी "कितवीत हाय गं?" विचारतं आणि मग मुलाला उभं करून एकोणीसचा पाढा. पहिली दोन वर्षं मी ऐकून घेतलं, मुलांचे चेहरे पडायचे. आता मी आधीच प्रेमानं सांगते की आज सण आहे, परीक्षा नको, तिळगूळ घ्या. दहावीचं विचारलं तर सरळ माहिती देते, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देणार, वय १४ पूर्ण लागतं, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, एकदा नोंदणी केली की पाच वर्षं चालते. राज्य बोर्डाचीच हवी तर बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा १७ नंबरचा फॉर्म भरून बसता येतं. माहिती ऐकली की माणसं शांत होतात, वाद घालून कोणी शांत झालेलं मी बघितलं नाही.

आणि कामं कमी करा ताई. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, मी आधी दोनदा-तीनदा करायचे, आता एकच, ठरलेल्या शनिवारी, आणि वाण म्हणून कारखान्यातलेच छोटे नॅपकिन. दारूकाम बघून रात्री बाराला आलेली मुलं दुसऱ्या दिवशी अभ्यासाला बसत नाहीत, बसवूही नका. आम्ही पहिले दोन दिवस नुसतं वाचन, तिसऱ्या दिवशी गणित अर्धा तास, आठवड्यात गाडी पूर्वपदावर.

एकटी कुठं पुरणार म्हणालात, तर सासूबाईंना यात ओढा. आमच्या सासूबाई सुरुवातीला या शिक्षणाच्या पूर्ण विरोधात होत्या. आता डिसेंबर लागला की त्याच विचारतात, पुस्तकं कधी आत ठेवायची?

तुम्ही जूनमध्ये सुरू केलंत तर नागपंचमी होईपर्यंत घडी नुकती बसत आलेली असेल आणि लगेच गणपती. गौरींच्या आधीचे आठ दिवस आत्ताच कॅलेंडरवर रिकामे ठेवून द्या आणि घरातल्या सगळ्यांना तसं सांगून ठेवा.