शंका-समाधान : माग, मग्गम, मग्ग आणि लूम

प्रश्न : महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीला शिकवते. निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी उर्दू. इंग्रजीचा धडा घडाघडा वाचतात, अर्थ विचारला की गप्प. प्रत्येक वाक्य मराठीत करून सांगते, तरी फरक नाही. काय चुकतंय? – शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : वाक्यागणिक मराठी करणंच चुकतंय. दोन-तीन दिवसांत मुलांच्या लक्षात येतं, की बाई इंग्रजी वाक्यानंतर मराठी सांगणारच आहेत. मग इंग्रजी कानाआड जातं आणि ती मराठीची वाट बघत बसतात. शिवाय निम्म्या वर्गाला मराठी हीसुद्धा शाळेतच भेटलेली भाषा आहे, म्हणजे त्यांच्यासाठी तुम्ही एका परक्या भाषेचं दुसऱ्या अर्ध्यापरक्या भाषेत रूपांतर करताय.

घरची भाषा धड्याच्या आधी आणि नंतर येऊ द्या, मधे नको. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पहिली आठ मिनिटं चित्र दाखवून नुसती बोलणी, ज्याला जी भाषा येते तिच्यात. त्यातून धड्यातले पाच-सहा शब्द फळ्यावर घ्या. मग धडा इंग्रजीतच, हावभाव आणि वस्तू दाखवत, सलग दोनदा वाचा. पहिल्या वाचनाला पुस्तक बंद. उरलेल्या वेळात एकाच घरभाषेची मुलं जोडीला बसवा आणि काय झालं ते आपसात सांगू द्या. तुम्हाला तेलुगू येत नसेल तरी बिघडत नाही. नावं, आकडे आणि क्रम कानावर पडतातच. शंका आली तर त्याच जोडीकडून चित्रं क्रमाने लावून घ्या.

फळ्यावरच्या शब्दांसाठी चार-पाच रकाने आखा. विणकरांच्या पूर्व भागात सुरुवात मागापासून करावी. मराठीत माग, तेलुगूत मग्गम, कन्नडमध्ये मग्ग, उर्दूत करघा, इंग्रजीत लूम. सूत घ्या : तेलुगू आणि कन्नड दोन्हींत नूलु, उर्दूत धागा, इंग्रजीत यार्न. धोटा म्हणजे शटल, आणि बॉबिन तर घरातच इंग्रजीत बोलतात. यंत्रमागावरच्या घरातलं मूल इंग्रजीचं कोरं पान घेऊन वर्गात येत नाही. अमेरिकेत शिक्षणाचे अभ्यासक लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात मेक्सिकन कामगारांच्या घरी जाऊन हेच मांडलं : कुटुंबाच्या कामधंद्यात साठलेलं ज्ञान हे वर्गाचं भांडवल असतं. त्यांचा लेख १९९२ सालचा.

रकाने आखण्याआधी वर्गाचा भाषानकाशा हवा. प्रवेश अर्जावरची 'मातृभाषा' धरू नका, तिथे बऱ्याचदा सरसकट मराठी लिहिलेलं असतं. प्रत्येकाला विचारा : आजीशी काय बोलतोस? गल्लीत? भांडताना? भांडणाच्या प्रश्नाला सगळ्यात खरं उत्तर मिळतं.

उच्चारांच्या चुका एकाच औषधाने बऱ्या होत नाहीत. तेलुगू-कन्नड शब्द बहुधा स्वरावर संपतात, म्हणून बसचं 'बस्सु', बुकचं 'बुक्कु' होतं, आणि आरंभीच्या 'ए'ला 'य' चिकटून एगचं 'येग' होतं. उर्दू घरात स्कूलचं 'इस्कूल'. शब्द संपताना मूठ मिटायची, मूठ मिटली की आवाजही बंद, असा खेळ रोज तीन मिनिटं पुरे. लिहिताना शब्दाच्या शेवटी 'यू' हे अक्षर शिरत नसेल तर बोलण्यातल्या 'बस्सु'वर फार वेळ घालवू नका. 'झेड'च्या आवाजासाठी मराठी मुलांना 'जाड'मधला 'ज' आठवायला सांगा, 'जेवण'मधला नव्हे. इंग्रजी 'ही' (तो) आणि 'शी' (ती) यांची गल्लत उर्दू घरातल्या मुलांत जास्त दिसेल, कारण तिथे दोघांनाही 'वो'. तो दुर्लक्षाचा दोष नाही; मुलाचं आणि मुलीचं चित्र आलटून-पालटून दाखवत तोंडी सराव करून घ्यावा.

आणि 'सी-ए-टी कॅट' ही घोकंपट्टी बंद. मूल अक्षरांची नावं पाठ करतं, आवाज नाही. नवा शब्द आला की अडतं. घडाघडा वाचन पण अर्थ शून्य, यामागे बहुतेकदा पाठांतर असतं. पडताळायचं असेल तर धड्यातलीच वाक्यं उलट्या क्रमाने फळ्यावर लिहून वाचायला द्या.

प्रश्न : एम.ए. (इंग्रजी), बी.एड. झालंय. बहुसांस्कृतिक साक्षरता आणि इंग्रजी अध्यापन या विषयात प्राध्यापक व्हायचंय. वाट कोणती? – वाचक, सोलापूर

उत्तर : आधी एम.एड., दोन वर्षं. बी.एड. महाविद्यालयात भाषेचं अध्यापनशास्त्र शिकवण्याच्या जागेला एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४च्या नियमांनुसार त्या भाषेतली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्हींत किमान ५५ टक्के लागतात. वर नेट, सेट या पात्रता परीक्षांपैकी एक किंवा पीएच.डी. इथेच अनेकांचं गणित फसतं. इंग्रजीतली नेट हातात असते, एम.एड. नसतं, आणि अर्ज छाननीतच बाद होतो. इंग्रजी शिकवण्याचं खास प्रशिक्षण हवं असेल तर हैदराबादचं इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ सोलापूरहून एका रात्रीच्या गाडीवर आहे.

वाचनाची सुरुवात अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जेम्स बँक्स यांच्यापासून करा. बहुसांस्कृतिक शिक्षणाची त्यांनी पाच अंगं सांगितली. धड्यात वेगवेगळ्या समाजांचा मजकूर आणणं हे त्यातलं फक्त पहिलं. आपल्याकडे गाडी तिथेच थांबते : वेषभूषा, खाद्यजत्रा, एक गाणं, संपलं. मग बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप : मुलांना पुस्तकात स्वतःचं जग दाखवणारा आरसाही हवा आणि दुसऱ्याचं जग दाखवणारी खिडकीही, हे त्यांनी १९९० साली लिहिलं. अमेरिकेत हा विषय पुस्तकांतून जितका वाढला तितकाच कोर्टातूनही. १९७४च्या लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात, इंग्रजी न येणाऱ्या चिनी मुलांना बाकीच्यांसारखीच पुस्तकं आणि तोच शिक्षक दिला म्हणजे समान वागणूक झाली नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. आपल्याकडे शिक्षणहक्क कायदा, २००९, कलम २९ वाचा : शक्य असेल तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा.

पीएच.डी.चा विषय मात्र अमेरिकेतून उचलू नका. 'सोलापुरातील बहुभाषिकता' हा विषय नव्हे, तो जिल्हा झाला. 'तेलुगू घरातल्या दुसरीच्या मुलांचं इंग्रजी शब्दलेखन, दोन शाळा, एक वर्ष' हा विषय. मुलांच्या वह्यांचे फोटो तारखेसह ठेवा. पालकांची आणि शाळेची लेखी संमती पहिल्या दिवशीच घ्या, शेवटी धावपळ होते. तेलुगू किंवा कन्नड लिपी वाचता येण्याइतकी शिका. दोन्ही लिप्या बहिणी आहेत, एक आली की दुसरी पटकन येते. ज्या गावचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर कन्नडमध्ये वचनं लिहून गेले, तिथल्या अभ्यासकाला कन्नड अक्षर परकं असावं, हे जरा विचित्रच.

प्रश्न : मुलगी पहिलीला इंग्रजी माध्यमात आहे. घरी तेलुगू बंद करा, असं शिकवणीत सांगितलं. करावं का? – पालक, सोलापूर

उत्तर : करू नका. कॅनडातले द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं, की नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरतं सुमारे दोन वर्षांत येतं, पण पुस्तकी भाषेत विचार करायला पाच ते सात वर्षं लागतात. तेवढी वर्षं मुलीचा विचार कुठल्या तरी भाषेत चालू राहिला पाहिजे, आणि तुमचं मोडकं इंग्रजी तिला ते देऊ शकत नाही. आजीने तेलुगूत गोष्ट सांगावी, मुलीने चित्र काढावं, चित्राखाली शाळेत शिकलेले पाच इंग्रजी शब्द लिहावेत. रोज नको, आठवड्यातून तीनदा.

आकड्यांत तर तेलुगू थेट कामाला येते. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो, म्हणून मुलं २५चे ५२ लिहितात. तेलुगूत 'इरवै ऐदु', वीस-पाच, अगदी 'ट्वेंटी-फाइव्ह'सारखं. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस पाच' आणलं तेव्हा केवढा गहजब झाला होता! तुमच्या घरात ते आधीपासूनच आहे. जिना चढताना पायऱ्या आधी तेलुगूत मोजा, उतरताना इंग्रजीत.